कोपऱ्यातली अर्धी कळशी

“साहेब, तुम्ही त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत! आणि पंचनाम्यावर सही मात्र अशी ठोकलीत, जसं काही चार तास तिथे उकिडवे बसला होतात.”

पोलीस ठाण्यातले सगळे वळून बघायला लागले. निवृत्त होऊन सात वर्षं झालेला जमादार टेबलासमोर उभा होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं साहेबाला सलाम ठोकला नव्हता.

साहेब खुर्चीत रेलला. “जमादार, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय खूळ?”

हे खूळ चार दिवसांपूर्वी इस्त्रीवालीच्या रूपानं त्याच्या दारात आलं होतं. ती धुलाईच्या कारखान्यात कामाला. तिचा धाकटा भाऊ तिथेच वाळवणखोलीत गरम हवेवर चादरी टांगायचा. शनिवारी दुपारी कारखाना सुटला, भाऊ घरी आला नाही. तिनं सगळीकडे शोधलं, कारखान्याच्या फाटकाला कुलूप. सोमवारी मुकादमानं वाळवणखोली उघडली, तर हा आत मरून पडलेला. ठाण्यानं दोन दिवसांत निकाल लावला: आतून कडी घालून त्यानं स्वतःच जीव दिला.

“काका, तो अंधाऱ्या जिन्यात मला पुढे घालायचा, इतका भित्रा,” इस्त्रीवाली म्हणाली. “तो कशाला स्वतःला कोंडून घेईल? मेला तो मेला, वर हा कलंक कशाला?”

“अहो, पुन्हा नसत्या भानगडीत पडू नका!” जमादाराची बायको आतून ओरडली. आणि ओरडता ओरडता तिनंच बाहेर येऊन त्या पोरीपुढे खुर्ची सरकवली.

इस्त्रीवालीनं पंचनाम्याची नक्कल पुढे केली. जमादार वाचत गेला आणि एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. ‘खोलीच्या कोपऱ्यात पाण्याची कळशी, अर्धी भरलेली.’

हे वाक्य त्याचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी एका बंद खोलीत एक माणूस मेला होता. ऊन रणरणतं, खोली तिसऱ्या मजल्यावर, जमादाराचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागलेले. त्यानं खालच्या चहाच्या टपरीवर बसून पंचनामा लिहून काढला. कागद फारच कोरडा वाटला म्हणून एक कळशी घातली. रिकामी कळशी खोटी वाटेल, भरलेली फार सोयीची, म्हणून अर्धी. तेव्हाचा साहेब खूश झाला. “याला म्हणतात पंचनामा!” म्हणत त्यानं तो नमुना म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तेव्हापासून जो तो नाव बदलतो, तारीख बदलतो आणि मोकळा होतो. मुडदे बदलले, कळशी तीच. खोली कोण बघतो? कपाट बघितलं की झालं! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तेही सरकारी पगारावर.

दुसऱ्या दिवशी जमादार इस्त्रीवालीबरोबर कारखान्यात गेला. वाळवणखोलीचं दार पत्र्याचं. बाहेरून अंगठ्याएवढा जाड अडसर. आतून कडी नाही, कोयंडा नाही, खिळ्याचं भोकसुद्धा नाही. कमरेच्या उंचीवर मात्र आतून पोचेच पोचे, आणि खाली चादरी टांगायचा एक लोखंडी आकडा वाकून पडलेला.

“आत पाणी असायचं?” त्यानं विचारलं.

“पाणी? मुकादम पेलासुद्धा नेऊ देत नाही. चादरींवर डाग पडतात म्हणे.”

कामगार खाली मान घालून चादरी झटकत राहिले. शेवटी घड्या घालणारी म्हातारी उसळली. “कोणाला डुलकी लागली की मुकादम बाहेरून अडसर घालतो. तासभर. म्हणतो, पिकू दे आंबा! त्या दिवशी घातला आणि विसरून लग्नाला गेला. तास भरायच्या आधीच मी निघाले होते, बाबा. नाहीतर काढला असता.”

हे सगळं जमादारानं आता साहेबापुढे ओतलं. साहेबानं कान खाजवला.

“मुकादम सज्जन माणूस आहे. आणि दार आम्ही कडी तोडून उघडलं, तसं लिहिलंय.”

“लिहिलंयच! मग कळशीही जप्त केली असेल. दाखवा.”

“असेल कुठेतरी.”

“कुठेच नाही. ती माझी कळशी आहे साहेब. मी टपरीवर बसून भरलेली.” त्यानं खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. “माझा कबुलीजबाब. माझा पंचनामा खोटा, त्याची नक्कल म्हणून तुमचाही खोटा.”

साहेबाचा चेहरा उतरला. आवाज हळू झाला. “वेडे आहात का? पेन्शन जाईल. शेवटच्या दिवसांत स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेणार?”

“फासलेलंच होतं, साहेब. त्या वेळच्या मेलेल्याची बहीण माझ्या दारात आली नाही एवढंच. आली असती तर मी तिला हाकललंच असतं, तुम्ही हिला हाकललंत तसं.”

साहेबानं कागदाकडे हात नेला. जमादारानं त्यावर पंजा दाबला.

“फाडू नका, दोन नकला बाहेर आहेत. ती पोरगीही बाहेर बाकावर बसलीय. तिला आत बोलावतो, तिच्या तोंडावर सांगा. ज्या दाराला आतून कडीच नव्हती, त्या दाराची कडी तुम्ही तोडलीत कशी? बोला!”