गंगूबाईची गरम जमीन

कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सोफा होता, खुर्च्या होत्या, काचेचं डायनिंग टेबलही होतं. पण गंगूबाईला विचाराल तर बसायला जागा एकच, ती म्हणजे जमीन. भाजी निवडायची ती जमिनीवर, जेवायचं जमिनीवर, देवाचं करायचं जमिनीवर, आणि दुपारची मालिका बघायची तीही सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर. खुर्चीवर बसलं की तिचे पाय लोंबायचे आणि एसटीच्या फलाटावर ताटकळत बसल्यासारखं वाटायचं.

तिचा मुलगा जयप्रकाश मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. नव्वदीच्या सुरुवातीला तो कुवेतला आला, शीलाशी लग्न करून तिला आणलं, मग वडील गेल्यावर आईला आणलं. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्यांचे कॅनडाचे कागद आले आणि घरात दुसरा विषयच उरला नाही.

"आई, तिकडचं घर पक्कं झालं," एका शुक्रवारी तो म्हणाला. "जमीन कसली करायची तेवढं बिल्डरला कळवायचंय. मी म्हणतो पॉलिश्ड काँक्रीट."

"म्हणजे काय रे?"

"कोबा हो, आई," शीला स्वयंपाकघरातून म्हणाली. "साधा सिमेंटचा कोबा."

"कोबा नाही गं! घासून घासून चमकवलेलं असतं ते. आरशासारखं!"

"सिन्नरला आपल्या गोठ्यात होता कोबा," गंगूबाई म्हणाली. "थंडीत म्हशीसुद्धा त्यावर बसायला कुरकुरायच्या. आणि तू मला गुडघाभर बर्फाच्या गावाला नेऊन त्याच्यावर बसवणार?"

"मग गालिचा घालू. भिंतीपासून भिंतीपर्यंत."

गालिच्याचं नाव काढताच गंगूबाईचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. जवळच मंगाफला जयप्रकाशचा मित्र जयदीप राहायचा, त्याच्या घरी तसा गालिचा होता. अक्षयतृतीयेला तिच्या हातून तिथे आमरसाची वाटी कलंडली. ओल्या फडक्याने पुसायला गेली तर डाग आणखी पसरला. जयदीप बिचारा असू दे म्हणाला, पण पुढच्या वेळी त्या जागेवर फुलदाणी ठेवलेली होती. ज्या जमिनीवर फडकं फिरत नाही, ती कसली जमीन?

"राहू दे," ती म्हणाली. "मला नाशिकला मालनकडे पाठव. तुम्ही जा सुखाने."

मालन म्हणजे तिची लेक. आई चिडली की मालनचं नाव काढते हे जयप्रकाशला ठाऊक होतं. पण या वेळी ती चिडलेली नव्हती, शांतपणे बोलत होती, आणि त्यानेच तो घाबरला. खरं तर गंगूबाईला लेकाबरोबर जायचं होतं. बर्फाची तिला भीती नव्हती. बर्फ काय, घराबाहेर पडणार. भीती दुसरीच होती. जिथे आपल्याला बसायलाच जागा नाही, त्या घरात आपण राहायचं कसं? कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या बॅगेसारखं व्हायचं आपलं.

"आई, काँक्रीट गार राहत नाही," जयप्रकाश म्हणाला. "त्याच्या पोटात नळ्या घालतात आणि त्यातून गरम पाणी फिरवतात. सगळी जमीन कोमट. बाहेर बर्फ, आत तू अनवाणी."

"जमिनीच्या पोटात पाणी?"

"हो. हे बघ फोटो."

गंगूबाईने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे लांबूनच पाहिलं. "फोटोवर बसू का मी? खरी दाखव. बसून बघीन, मग सांगीन."

आता खरी कुठून दाखवायची? पण जयप्रकाशला काशिनाथ आठवला. काशिनाथ देवगडकडचा. बायकामुलं गावाला, हा एकटा इकडे, शुऐबाच्या गोदामांत जमिनी घासून चकचकीत करायच्या कामावर. मराठी मंडळाच्या गणपतीत मृदंग वाजवायचा, म्हणून ओळख. जयप्रकाशने विचारलं आणि तो दुसऱ्याच शुक्रवारी सिमेंट, खडी, नळीचं वेटोळं असं सगळं घेऊन हजर.

"आजी, काय्येक काळजी करू नकात," बूट काढता काढता तो म्हणाला. "तुमका बसाक जमनीचो तुकडो करून देतंय. तुमचा तोंड दिसतला त्येच्यात."

"या वयात तोंड बघून काय करू? मला ऊब पाहिजे."

"ऊब पण गावतली."

बाल्कनीत त्याने लाकडाची चौकट ठोकली, मोठ्या पाटाएवढी. तिच्यात जिलबी पाडावी तशी नळी गोल गोल फिरवली, तिची दोन टोकं बाहेर काढली आणि वर काँक्रीट ओतलं. वरून गोणपाट पांघरून म्हणाला, "आता रोज पाणी घालूचा. सुकाक द्यायचा नाय. ह्या काम कोणाक जमात?"

गंगूबाईने नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवसापासून तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यातलं उरलेलं ती गोणपाटावर ओतू लागली. मग उरलेलं पुरेना, म्हणून त्याच्यासाठी वेगळी कळशी भरू लागली. संध्याकाळी पुन्हा एकदा. शीलाने हसून विचारलं, "आई, लादीला पालवी फुटणार आहे का?" तर म्हणाली, "तापतं गं बिचारं. ऊन बघ केवढं आहे."

महिन्याभराने काशिनाथ घासायचं यंत्र घेऊन आला. यंत्राला चकत्या लावायच्या होत्या.

"ह्येच्यात हिरो आसा, आजी. हिऱ्याचो चुरो. त्येच्याशिवाय दगड घासणा नाय."

गंगूबाईने सुनेला हाक मारली. "शीला, ऐकलंस का? माझ्या लेकाने तुला लग्नात चमकी घातली ती खड्याची, आणि जमिनीला हिरे लावतोय!"

"मी पण लादी व्हायला पाहिजे होतं," शीला म्हणाली. जयप्रकाश लगबगीने आत पाणी प्यायला गेला.

दुपारभर घरघर चालली. संपली तेव्हा त्या राखाडी तुकड्यात बाल्कनीचे गज दिसत होते, वाळत घातलेले कपडे दिसत होते, आणि वाकून बघणाऱ्या गंगूबाईचं कुंकूसुद्धा.

मग आली परीक्षा. काशिनाथबरोबर खोलीत राहणाऱ्या दोघा मदतनिसांनी मिळून लादी गंगूबाईच्या खोलीत आणून ठेवली, कारण तिला लागूनच न्हाणीघर होतं. बाहेर ऑगस्टचं कुवेत भट्टीसारखं पेटलेलं. जयप्रकाशने खोलीतला एसी शेवटच्या टोकाला नेला. "कॅनडा करायचाय," तो म्हणाला. थोड्याच वेळात काशिनाथचे दोघे मदतनीस दात वाजायच्या आत पळून गेले. शीलाने गोधडी पांघरली. जयप्रकाशने स्वेटर चढवला, आईला शाल आणि माकडटोपी घातली. गंगूबाई अगदी हिमालयात निघाल्यासारखी लादीवर मांडी घालून बसली.

"कशी आहे, आई?"

"कोमट आहे की रे!"

"बघा!" जयप्रकाशने हात उंचावले. "मी सांगत होतो!"

"साहेब," काशिनाथ हळूच म्हणाला, "नळ अजून सोडूक नाय."

बाल्कनीतल्या उन्हाची ऊब होती ती. जयप्रकाशने हात खाली घेतले आणि न्हाणीघरात गेला. तिथे बादलीवर दोन नळ होते, एकाला लाल ठिपका, एकाला निळा. त्याने नळीचं एक टोक लाल नळाला बसवलं, दुसरं मोरीत सोडलं, आणि नळ पूर्ण उघडला.

सगळे गंगूबाईच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय वाटतंय?"

"थांब." ती जरा वेळाने म्हणाली, "होती ती ऊबही चालली रे."

"होईल, होईल. काँक्रीटला वेळ लागतो."

आणखी थोडा वेळ गेला. गंगूबाईने एक हात खाली लावला, मग दुसरा. "जया, हे गार पडलं. आता म्हशीच तेवढ्या आणायच्या राहिल्यात."

काशिनाथने नळीचे सांधे तपासले. जयप्रकाश उष्णता, दाब, प्रवाह असं काहीबाही पुटपुटत लादीभोवती प्रदक्षिणा घालू लागला. शेवटी पलंगाच्या कडेवर मटकन बसला.

"जाऊ दे आई. तुझंच खरं. मी बिल्डरला गालिचा कळवतो." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "आणि तुझं नाशिकचं तिकीट बघतो."

आपण जिंकलो हे गंगूबाईला कळलं. हवं ते तिला मिळालं होतं, निदान तोंडाने मागितलेलं तरी. खरं म्हणजे लादी का गार पडते आहे हेही तिला मघाशीच उमगलं होतं. रोज सकाळी ती त्याच न्हाणीघरात बादली भरत होती. गप्प बसलं की झालं. मालनकडे जायचं. पण मालननेही आता नवा सोफा घेतलाय, आणि फोनवर सांगत होती की जमिनीवर पाय दुखतात म्हणून सगळे टेबलावरच जेवतात. तिने मांडीखालच्या लादीकडे पाहिलं. महिनाभर कळशीने पाणी घातलेली लादी. तिच्यात ट्यूबलाइट दिसत होती, आणि पलंगावर मान खाली घालून बसलेला लेक.

"जया," ती म्हणाली, "तू आंघोळ कुठल्या नळाने करतोस रे?"

"हे काय मधेच? लाल नळाने."

"का बरं?"

"का म्हणजे? निळ्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, अंग भाजतं. गीझर मे महिन्यातच बंद केलाय, त्यात साठलेलं पाणी गार अस..."

तो तिथेच थांबला. काशिनाथने कपाळावर हात मारला. "अरे देवा! साहेब, आपण दोगव गाढव! मी पण रोज लाल नळानंच आंघोळ करतंय!"

शीलाला गोधडीतून हसू आवरेना. जयप्रकाश धडपडत न्हाणीघरात गेला, त्याने नळी लाल नळावरून काढून निळ्याला बसवली. नळीतून उन्हाने तापलेलं पाणी सळसळत धावलं.

आधी गंगूबाईचे डोळे मिटले. मग तिने माकडटोपी काढली. मग शाल.

"आई? काही बोल ना."

"शीला," ती डोळे न उघडताच म्हणाली, "ती मेथीची जुडी आण. आणि परात."

मेथी निवडून व्हायच्या आत शीला लादीच्या एका कडेवर पाय ठेवून बसली होती, जयप्रकाश दुसऱ्या कडेवर, आणि काशिनाथ तिसऱ्या बाजूने तळहात शेकत होता.

"सरका रे! माझी जागा आहे ती."

"तिकडे सगळं घर असं असेल, आई. देवासमोर, स्वयंपाकघरात, सगळीकडे."

"हळद सांडली तर?"

"फडकं मारलं की झालं."

गंगूबाईने मेथीचा एक देठ मोडला आणि नळीकडे संशयाने पाहिलं. "आणि तिकडे तरी लाल नळाला गरम पाणी येतं ना?"

"हो गं. बारा महिने."

"बारा महिने?" तिला काही खरं वाटेना. "बिल्डरला नीट विचारून घे हो. मी एकदा बसले की मला उठवणार कोण?"