खांद्यावरचा हात

आमच्या ह्यांना, म्हणजे अय्याजना, लढाईत पदक मिळवलेल्या जवानांचे सहीवाले फोटो जमवायचं वेड आहे. निगडीतल्या आमच्या गॅरेजची अख्खी भिंत त्यांनी भरलीय. सगळ्या फ्रेमा एकाच मापाच्या, एका फ्रेममध्ये एकच माणूस. गिऱ्हाइकाची गाडी तशीच पडलेली आणि हे आपले काचा पुसतायत! मी चिडते. पण खरं सांगू? त्या भिंतीपुढं उभं राहिलं की माझीही मान ताठ होते.

एक सही मात्र राहिली होती. चऱ्होलीचे सुभेदार जयसिंग तापकीर, एकाहत्तरच्या लढाईतले. त्यांची नजर जात चालली होती, हात कापायला लागला होता. "इफ्फत, आता नाही मिळाली तर कधीच नाही," असं ह्यांचं दिवसरात्र चाललेलं. शेवटी मीच म्हटलं, चला, उठा.

अय्याजनी एका जुन्या फोटोवरून सुभेदारांचा फोटो मोठा करून नेला होता. चऱ्होलीला सुभेदारांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ह्यो हात कुणाचा?"

बघतो तर काय, त्यांच्या खांद्यावर चार बोटं! मूळ फोटोत शेजारी आणखी एक जवान होता. भिंतीच्या मापात बसेना म्हणून आमच्या शहाण्यांनी तो कापून टाकलेला. बोटं तेवढी राहिली होती.

"ह्यो भैरूचा हात हाय. मला गोळी लागली तवा ह्यानं पाठीवर घिऊन आणला मला. दुसऱ्या दिशी सोता ग्येला. पदक माज्या छातीला लागलं, आन् तुमी त्याला फोटोतनंबी काढला व्हय?" सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "देहूला त्याची बायको हाय, यशोदाबाई. आदी तिची सही आणा, मग माजी."

घरी आल्यावर अय्याज ढसाढसा रडले. मग त्यांनी अख्ख्या फोटोच्या दोन प्रती काढल्या आणि आम्ही देहू गाठलं.

"आगं बया! हसत्यात बग कसे!" यशोदाबाईंनी फोटो छातीशीच धरला. "माज्याकडं त्यांचा हसरा फोटोच न्हाई. हाय त्यो एक, रागावल्यावानी."

ती प्रत आम्ही त्यांनाच दिली. दुसरीवर सही कुठं करायची म्हणून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्या चार बोटांच्या अगदी खाली नाव लिहिलं. "हितंच करते. ह्यो हात माज्या वळखीचा हाय," म्हणाल्या.

परत चऱ्होलीला गेलो, तर सुभेदारांना तेवढं बारीक दिसेना. "कुठं केली तिनं?" त्यांनी विचारलं. अय्याजनी त्यांचं बोट धरून त्या सहीवर टेकवलं. मग सुभेदारांनी पेन मागितलं. आमच्या भिंतीवर प्रत्येकानं सहीखाली आपला हुद्दा आणि पदक लिहिलंय. सुभेदारांनी लिहिलं, 'जयसिंग, भैरूचा जोडीदार'.

ही फ्रेम दुप्पट रुंद झाली. ती बसवायला अय्याजनी सगळी रांग उतरवली, मापबिप गेलं उडत.

काल एका गिऱ्हाइकानं ती फ्रेम बघून विचारलं, "अय्याजभाऊ, यातले पदकवाले कोण?"

"दोघंही," अय्याज म्हणाले.

ह्यांची चूक काढायला माझं तोंड कायम शिवशिवत असतं. काल मी गप्प राहिले.