एमलिनचं कडं

अठ्ठावन्नच्या ऑगस्टात आमच्या दरीतल्या सगळ्या स्काउट पथकांमधून संचलन-स्पर्धेचा झेंडा आम्हीच जिंकणार, अशी माझी खात्री होती. तुकडीनायक मी. पोरांच्या रुंद काठांच्या टोप्या मी स्वतः किटलीच्या वाफेवर धरून, काठांना साखरेचं पाणी लावून पाटासारख्या सपाट केल्या होत्या. साखर जरा जास्तच झाली. संचलनाला निघालो तर गांधीलमाश्या आमच्या सोबतीला. अजून आठवलं की हसू येतं.

अडचण एकच होती, एमलिन. गळ्यातला रुमाल अडकवायला सगळ्यांकडे दुकानातलं तपकिरी चामड्याचं कडं होतं. माझ्या या जिवलग दोस्ताचं मात्र काळं, जाड, ओबडधोबड. त्याचे वडील आदल्या हिवाळ्यात कोळशाच्या खाणीत दबून गेले होते. त्यांच्या कमरेच्या पट्ट्यातून त्यानं ते कापलं होतं.

"स्किप काही बोलत नाहीत," तो म्हणाला. स्किप म्हणजे आमचे स्काउटमास्तर.

"स्किप परीक्षक आहेत का? वेगळ्या कड्याचे दोन गुण जातात. एक दिवस काढ की रे!"

"नाही काढलं तर?"

"तर घरी बस. सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी नको फिरवूस."

 मग कडं काढून त्यानं खिशात घातलं आणि मी पुढे केलेलं तपकिरी कडं गळ्यात अडकवलं.

झेंडा आम्ही जिंकलो, एका गुणानं. मी तर नाचलोच. एमलिन त्यानंतर पथकात आला नाही. शरदात आईबरोबर दूर कॉव्हेन्ट्री शहरात राहायला गेला. मला लाज वाटत होती, म्हणून मी निरोप द्यायलासुद्धा गेलो नाही. तो गेला, तो गेलाच.

परवा नातीला, नेरिसला, त्या दिवसाचा फोटो सापडला.

"आजोबा, यातला एमलिन कुठला हो? सारखं नाव घेता त्याचं."

मी चष्मा लावला. आठ पोरं, आठ सपाट टोप्या, आठही तोंडांवर टोपीची सावली. सारख्या उंचीची पोरं मीच हौसेनं निवडली होती.

"हा का?" नेरिसनं बोट ठेवलं. "की हा?"

मी प्रत्येकाच्या गळ्याकडे बघत गेलो. आठही कडी एकसारखी.

"नाही गं ओळखता येत," मी म्हणालो.