वरून हाक आली होती

माझ्या लेकीला, राहीलला, मुलगी झाली आणि त्या लाइबाचा अकीका, आमच्यातलं बारसं, मी फोनच्या पडद्यावर पाहिला, ते २०२२ साल. तेव्हा मी सौदीच्या किनाऱ्याला, लाल समुद्रात, एका शिडाच्या बोटीवर राहत होतो.

बोट अबू फहद यांची. निवृत्त मास्तर. थंडीचे चार महिने ते बोटीवरच काढायचे. जेद्दाहून निघायचं, खडकांच्या आड नांगर टाकत थुवाल, राबिघ करत वर जायचं. आम्ही तिघंच: मालक, मी आणि बाळाराम. मी दाभोळचा इसहाक तांडेल, चाळीस वर्षं सुकाणू धरलेला. बाळाराम खाडीपलीकडच्या वेलदूरचा, धंद्याने सुतार. अकरा वर्षं सौदीतल्या मजुरांच्या कॅम्पात एका खोलीत आठ जणांत राहिलेला. मीच मालकांना सांगून त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, इकडे करून घेतला.

पहिल्या सकाळी तो म्हणाला, "चाचा, अकरा वर्षांनी कोणाच्या घोरण्याशिवाय जाग आली."

"का, माझं ऐकू नाही आलं?"

"ते तुमचं होय? मला वाटलं इंजिन चालू राहिलं."

त्या किनाऱ्याला पोवळ्याचे खडक पाण्याखाली हातभरावर असतात. म्हणून मालकांचा एकच नियम होता: खडकांत शिरलं की एकाने डोलकाठीवर चढायचं, पाण्याचा रंग पाहून हाक द्यायची, आणि सुकाणूवरच्याने ती ऐकायची. बाळाराम वर, मी खाली. मला ते जड जायचं. आमच्याकडे सुकाणू तांडेलाच्या हातात असलं की खलाशी तोंड उघडत नाही. आणि हा तर सुतार.

राबिघच्या अलीकडे एका दुपारी मालक जेवून खाली आडवे झाले होते. त्या समुद्रात वारा बहुतेक समोरून, उत्तरेकडून येतो. त्या दिवशी दक्षिणेचा लागला. लागलेला वारा तांडेल सोडत नाही. मी शीड पूर्ण उघडलं आणि खडकांतून बाहेर पडायला पश्चिमेला तोंड केलं. सूर्य सरळ डोळ्यांत.

"चाचा, पुढे तपकिरी दिसतंय. डावीकडे घ्या."

"गाळाचं पाणी असेल."

दाभोळच्या मुखाशी तपकिरी पाणी म्हणजे गाळ. बोट टेकली तरी भरतीला सुटते. इथे नदी नाही, गाळ नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तोंडातून तेच आलं.

"इथे गाळ कसला, चाचा? डावीकडे घ्या."

"सुतारा, तू फळ्या मोज. मार्ग मी बघतो."

तिसरी हाक आली. चौथीला वेळ मिळाला नाही. आम्ही आदळलो.

मालक अनवाणी वर आले. सुकाणूचं पातं तुटलं होतं, आत पाणी येत होतं. त्यांनी डोलकाठीकडे पाहिलं, मग मोडक्या हिंदीत मला विचारलं, "ये चिल्लाया नहीं?"

"नहीं," मी म्हणालो.

बाळाराम अर्धा उतरला होता. एक पाय खाली सोडून तसाच थांबला. मग उतरला आणि पंप घेऊन पाणी उपसायला बसला. मालकासमोर तांडेलाला खोटं पाडायचं नाही, ही रीत त्यालाही ठाऊक होती. मी खोटं बोललो ते त्या रीतीच्या भरवशावर, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बोट ओढून राबिघला नेली. मालक म्हणाले, वर बसून डोळे मिटणारा माणूस नको, खलास. आठ दिवसांत त्याचे परतीचे कागद झाले. धक्क्यावर त्याने मला विचारलं, "चाचा, तीनदा ओरडलो होतो ना मी? की मलाच भास झाला?"

"तीनदा ओरडलास."

"बरं." त्याने बॅग उचलली. "भाकऱ्या आता तुम्हालाच भाजायच्यात, करपवू नका."

पुढे दोन हंगाम मी त्याच बोटीवर राहिलो. मालक पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, हा जुना दर्यावर्दी. मी मान खाली घालून चहा द्यायचो.

२०२४ च्या मे महिन्यात कायमचा घरी आलो. दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला उतरलं की वेलदूर काही लांब नाही. सहा महिने गेलो नाही. गुडघे होते, पाऊस होता, कारणं खूप होती. नोव्हेंबरात गेलो, तेव्हा दारात त्याची बायको सरूबाई सूप घेऊन बसली होती. कपाळ मोकळं होतं.

"तांडेलचाचा ना तुम्ही? ते तुमचं नाव घ्यायचे."

"काय म्हणायचे?"

"चांगलंच म्हणायचे."

मग तिने सांगितलं. वर झोपला म्हणून हाकलला, असं कॅम्पातल्या कोणीतरी गावात पसरवलं. झोपाळू माणूस कोणत्याच बोटीला नको होता. तो त्यावर कधी काही बोलला नाही.

मी तिला त्याच्या तीन हाका आणि माझं 'नहीं' सांगितलं. ती सूप हलवायची थांबली.

"हे मला सांगून काय होणार, चाचा? ज्यांनी त्यांना नावं ठेवली, त्यांना सांगा."

मी धक्क्यावर गेलो, जाळी सांधत बसलेल्यांना सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात." अबू फहदना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन ठेवला.

म्हणून नावगाव घालून लिहितो आहे. खडक त्याने पाहिला होता, हाक त्याने दिली होती, आणि खोटं मी बोललो.

वेलदूरचा बाळाराम सुतार सोमवारी, १४ ऑक्टोबर २०२४ रोजी काविळीने राहत्या घरी वारला.