एका उबेला दोघं

मिग्योंग गेली आणि तिचं मांजर आईच्या घरी आलं. टोफूसारखं पांढरं, म्हणून लेकीनं नाव ठेवलेलं तुबू, म्हणजे टोफूच. शहरातल्या एका खोलीत तिच्याच अंथरुणात वाढलेलं. इकडे आईच्या, ओकबुनच्या, घरात आधीच दकगू, म्हातारं कुत्रं. तेही मिग्योंगनंच आणलेलं, पिल्लू असताना, कोटाच्या आत लपवून.

तुबू मिग्योंगच्या जुन्या खोलीत कपाटामागे शिरलं ते शिरलंच. दकगूनं भुंकून घर डोक्यावर घेतलं, पंजे मारून सरकत्या दाराच्या चौकटीवर ताणलेला कागद फाडला. ओकबुननं उल्सानवालीला विचारलं. शेजारच्या त्या बाईकडे तीन कुत्री, दोन मांजरं, सगळी गुण्यागोविंदानं.

"एकदम समोरासमोर आणू नकोस गं. आधी वासाची ओळख होऊ दे. एकाला पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या जागेवर ठेव. जेवण दाराच्या दोन बाजूंना."

ओकबुननं सगळं केलं. तुबूनं दकगूच्या फडक्यावर मुतून ठेवलं.

"जळो तुझी फडकी! पाच जनावरं नांदवतेस, नवरा मात्र नांदवता आला नाही."

"तो चावायचा," उल्सानवाली म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तेहवानची आई, थोडा धीर धर."

ओकबुन थबकली. त्या गावात बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. आजवर ती मिग्योंगची आई होती. तेहवान धाकटा.

"लेक गेली, माझं नाव नाही गेलं. नेहमीची हाक मार."

मांजरानं खाणं सोडलं. मीठ काढून शिजवलेला सुका मासा तसाच वाळून जायचा. तेहवाननं फोनवर सांगितलं, "आई, उद्या पिंजरा घेऊन येतो. प्राण्यांच्या आश्रमात ठेवू त्याला. इथे उपाशी मरेल गं ते."

"मी काय त्याचा घास काढून घेते?"

पण तिलाही दिसत होतं. मांजराची पाठ हाताला टोचायला लागली होती. मिग्योंगनं शेवटपर्यंत ज्याला आपल्या हातानं भरवलं, ते तिच्या आईच्याच घरी मरायला नको होतं आणि परक्या पिंजऱ्यातही जायला नको होतं.

दुपारी ती त्या खोलीत गेली आणि गाठ मारलेली पिशवी काढली. मेलेल्याचे कपडे देवळात जाळायचे असतात, म्हणजे त्याला तिकडे पांघरायला मिळतं, मन मागे ओढत नाही. ओकबुननं सगळे दिले. एक राखाडी स्वेटर तेवढा स्वतःच्या कोटाखाली धरून परत आणला. देवळातल्या भिक्षूला कळलं असेल. अगदी असह्य झालं की ती गाठ सोडायची, एकदाच नाक खुपसायची, लगेच बांधून टाकायची. वास उडून जाऊ नये म्हणून.

आज गाठ सुटली आणि कपाटामागून तुबू बाहेर आलं. तिच्या मांडीवर चढून स्वेटरात डोकं खुपसलं, पंजांनी तो मळू लागलं. दाराचं खरवडणं थांबलं. फाटक्या कागदातून दकगूचं नाक आत आलं आणि ते म्हातारं पिल्लासारखं कण्हू लागलं.

ओकबुनला कळलं, दोघांनाही मिग्योंगचा वास आला होता. कळायला नको होतं.

"हा नाही हं," ती मांजराला म्हणाली. "हा माझा आहे."

तुबूनं डोकं काढलं नाही. मग ओकबुननं स्वेटर तोंडावर धरला, पोटभर वास घेतला, आणि खालच्या धगीनं जमीन सर्वांत जास्त तापते त्या जागेवर पसरला. दार सरकवलं.

दकगू आलं. एकदा गुरगुरलं. तुबूनं पाठ फुगवली. ओकबुन दोघांच्या मधे बसली, "गप रे, गप गं," करत. दकगूनं स्वेटराच्या एका बाहीवर हनुवटी टेकली. दुसरी बाही तुबूनं सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी तेहवान आला, पिंजरा दारातच राहिला. "आई, हा ताईचा ना? जाळायचा राहिला होता?"

"राहिला नाही. ठेवला."

तेहवान पिंजरा गाडीत टाकून निघून गेला.

पुढच्या वेळी आला तेव्हा दोघं स्वेटरवर एकमेकांना चिकटून झोपलेली. त्यानं नाक मुरडलं. "आई, फार घाण वास येतोय या स्वेटरला. धुवायला टाकू?"

ओकबुननं स्वेटरचं टोक नाकाशी नेलं. कुत्रं. मांजर. मासा. पुन्हा हुंगलं, कॉलरच्या आतून, काखेतून.

"टाक," ती म्हणाली.

मग उठून तिनं तुबूची वाटी उंच कट्ट्यावर ठेवली, दकगूची खाली, आणि दोघांचं खाऊन होईपर्यंत तिथेच पाठ करून उभी राहिली.