आधीच काढलेले कार्ड

नोंदणी विभागात सहा संगणक, रक्ततपासणीत चार, क्ष-किरण कक्षात दोन, औषधांच्या खिडकीत एक आणि मुख्य लेखनिकाच्या टेबलावर एक. एकूण चौदा. त्यांपैकी तेरा सुरळीत चालू होते. चौदाव्याचा पंखा मधूनमधून खरखरायचा, पण चालायचा. तिने तोही चालू धरला आणि कागदावर लिहिले: चौदा.

“मोजले नाहीत तर पळून जातील का गं ते?” पहिल्या खिडकीवरून मोठ्या बाईंनी विचारले.

रुग्णालयात सगळे तिला मशीनताई म्हणायचे. प्रिंटर रुसला, माऊस हरवला, पडदा काळा झाला, की जिन्याखालच्या खोलीकडे तोंड करून “मशीनताई!” अशी हाक जायची. अकरा वर्षे ही हाक जात होती. मोठ्या बाई तिच्याही आधीपासून, अठ्ठावीस वर्षे पहिल्या खिडकीवर होत्या. निवृत्तीला सात महिने उरले होते.

“वरून पत्रक आलंय,” ती म्हणाली. “प्रोसेसरमध्ये दोष सापडलाय. प्रत्येक मशीनवर त्याचा पॅच आहे की नाही ते लिहून द्यायचंय.”

“पॅच म्हणजे?”

“ठिगळ.”

“मग ठिगळ म्हण की! आहे का?”

चौदाही मशीनांवर ठिगळ नव्हते. तपासायच्या आधीच तिला ते माहीत होते, कारण ते तिनेच काढले होते.

त्याला दोन वर्षे आणि दोन महिने झाले होते. ठिगळ पहिल्यांदा आले तेव्हा रुग्णाचे पान उघडायला सहाऐवजी नऊ सेकंद लागू लागले. घड्याळ लावून पन्नास वेळा मोजून तिने सरासरी काढली होती. तीन सेकंदांनी काय होते, असे कुणालाही वाटले असते. पण एका रुग्णामागे पाच-सहा पाने उघडावी लागत. आठवडाभरात रांग दाराबाहेर गेली. मग एका सकाळी साहेब पहिल्या खिडकीशी येऊन भर रांगेसमोर म्हणाले, “बाई, हात चालत नसेल तर तसं सांगा. बसायला दुसरी जागा देतो.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि पुढच्या माणसाला नाव विचारले.

त्याच दिवशी पाच वाजता, सगळे निघाल्यावर, तिने चौदाही मशीनांवरचे ठिगळ काढले. नवी मशीन येईपर्यंतच, असे स्वतःला बजावले. नव्या मशीनांचा अर्ज एका फायलीत होता आणि फाईल कुणाच्या तरी टेबलावर. दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच रांग सरली. मोठ्या बाई बोटे नाचवत म्हणाल्या, “आज यांना पंख फुटलेत बघ!” त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस खूश होती.

“मला समजेल असं सांग,” मोठ्या बाई आता म्हणाल्या. दुपारच्या सुट्टीला अर्धा तास होता आणि खिडकीशी कुणी नव्हते. “काय दोष आहे त्यात?”

“संगणकाआधी रुग्णांची कार्डं होती तेव्हा तुम्ही काय करायचात? नेहमीचा माणूस दारात दिसला, की त्यानं नाव सांगायच्या आत कार्ड काढून ठेवायचात.”

“मग! शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर निघायचं.”

“आणि उरलेल्या पाच वेळा?”

“परत खणात.”

“नीट आत?”

“घाईत कुठलं नीट? जरा वर राहायचं.”

“आणि खिडकीशी वाकलेल्याला कुणाचं ते दिसायचं. प्रोसेसर तेच करतो. पुढं काय मागतील त्याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. चुकलं तर टाकून देतो, पण खूण राहते. इंटरनेटवरच्या एखाद्या पानातून लबाड प्रोग्रॅम मशीनवर आला असेल, तर तो त्या खुणांवरून आतलं वाचू शकतो. ठिगळ एवढंच सांगतं, की अंदाज बांधू नकोस, नाव सांगेपर्यंत थांब.”

“म्हणून वेळ लागतो.”

“म्हणून वेळ लागतो.”

“आणि कुणी वाचलं तर कळतं?”

“नाही. खणाला कुलूप तसंच असतं, कार्डंही मोजून तेवढीच.”

मोठ्या बाईंनी स्टूल ओढले आणि तिच्याजवळ बसल्या. त्यांनी आवाज उतरवला.

“दीड वर्षापूर्वी माझी गाठ काढली. इथंच. ह्यांना सांगितलं नव्हतं, त्यांचं हृदय हे असं अधू. फक्त सुनेला माहीत होतं. प्रत्येक तपासणीला तीच माझ्याबरोबर यायची. आणि एक दिवस घरच्या फोनवर कुणीतरी अनोळखी विक्रेता बोलला, बाईंच्या गाठीवरच्या औषधांविषयी सांगायचंय म्हणून. फोन ह्यांनी उचलला.”

“बाई...”

“थांब. ह्यांनी आठवडाभर अबोला धरला. परक्याला कळतं, मला नाही, म्हणाले. मी सगळा राग सुनेवर काढला. तूच कुठंतरी फॉर्मवर नंबर दिला असशील, म्हटलं. तिनं मुलीची शपथ घेतली. मी म्हटलं, लेकराची खोटी शपथ घेतेस, लाज नाही वाटत? त्याच महिन्यात मुलानं-सुनेनं वेगळं घर केलं.” त्या थांबल्या. “नात शाळेत जायला लागली. मी फोटोत बघितलं.”

मुलगा वेगळा राहतो एवढे तिला ठाऊक होते. का, ते कधी विचारले नव्हते.

“एकच सांग,” मोठ्या बाई म्हणाल्या. “यातून गेलं असेल का?”

“असेल. नसेलही. अहवाल चार टेबलांवर फिरतो, कुणी माणसानंही दिला असेल. शक्यता थोडी आहे, पण शून्य नाही.”

“थोडी म्हणजे किती?”

“आकडा नाही माझ्याकडे.”

“तुझ्याकडे आकडा नाही?” बाईंना हसू आले, पण ते टिकले नाही. “हे बघ. तू हो म्हण, मी आत्ता तिला फोन लावते. नाही म्हण, होते तशी राहते. पण मधलं काही सांगू नकोस. मधल्याचं मी काय करू?”

हो म्हटले असते तर एक घर कदाचित सांधले गेले असते. नाही म्हटले असते तर तिचे स्वतःचे काम सोपे झाले असते. ठिगळ आता पुन्हा लावून पत्रकात ‘आहे’ असे लिहिले तर कुणालाही काही कळणार नव्हते. तिने हातातला कागद टेबलावर ठेवला.

“ठिगळ मी काढलं होतं. साहेब तुम्हाला बोलले त्या दिवशी.”

मोठ्या बाईंनी स्टूल मागे सरकवले.

“माझ्यासाठी?”

“हो.”

“मला विचारलंस?”

“नाही.”

“अगं, बोलणी मी जन्मभर खाल्ली. आणखी एक पचलं असतं मला.”

त्या उठून आपल्या खुर्चीवर गेल्या. खिडकीशी एक म्हातारा आला होता. त्याचे काम त्यांनी नेहमीसारखेच केले आणि जिना जपून उतरायला सांगितले.

तिने एकेका मशीनवर ठिगळ पुन्हा लावायला घेतले. पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात चौदा वेळा त्याच दोन तारखा लिहिल्या, या दिवसापासून या दिवसापर्यंत बंद. खाली लिहिले, ‘बंद करणारी मीच,’ आणि सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

सुट्टीची वेळ झाली. मोठ्या बाईंनी ‘खिडकी बंद’ची पाटी लावली आणि पर्समधून मोबाइल काढला. नंबर त्यांनी यादीतून शोधला नाही, तोंडपाठ होता तो दाबला. ती उठून बाहेर गेली आणि काचेचे दार ओढून घेतले.

काचेतून फक्त बाईंची पाठ दिसत होती. सुरुवातीला ती ताठ होती. मग एक हात वर गेला, हवेत राहिला, आणि हळूच टेबलावर टेकला. औषधांच्या खिडकीवरच्याने “मशीनताई, कागद अडकलाय!” अशी हाक मारली. “येते,” म्हणून ती तिथेच उभी राहिली.

मोठ्या बाई उठल्या, मोबाइल टेबलावर तसाच ठेवून तोंड धुवायला आत गेल्या. पहिल्या मशीनचे ठिगळ बसले का बघायला ती त्यांच्या टेबलाशी आली. मोबाइलचा पडदा अजून विझला नव्हता. सुनेशी झालेल्या बोलण्याचा अवधी त्यावर दिसत होता: चार मिनिटे बारा सेकंद.