चौथ्या पटावरचा डाव

बुद्धिबळाच्या सामन्यात कागलच्या संघाची कुरुंदवाडच्या संघाशी दीड-दीड अशी बरोबरी झाली होती आणि निकाल चौथ्या पटावर येऊन अडला होता. तिथं कागलकडून खेळणारा, तिथल्याच एमआयडीसीत लेथवर काम करणारा प्रसेनजीत हरत होता. समोर होते कुरुंदवाडचे सयाजी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले आणि गेली सहा वर्षं त्याला न चुकता लोळवणारे.

मास्तरांनी हत्ती उचलला तो डाव्या हातानं. उजवा मांडीवर निपचित पडला होता. हत्ती दोन घरांच्या मधल्या रेघेवरच टेकला.

"मास्तर, नीट ठिवा की," प्रसेनजीत म्हणाला.

मास्तर हसले, पण अर्ध्याच तोंडानं. हत्ती भलत्याच घरात सरकवला आणि घड्याळाचं बटण दाबायचं विसरले. त्यांची चौदा मिनिटं उरली होती, ती पळू लागली; ती संपली की डाव प्रसेनजीतचा.

 प्रसेनजीतच्या चुलत्याचं तोंड असंच वाकडं झालं होतं. तो उठणार, तोच त्याच्या संघाचा कप्तान उदयसिंहनं लांबूनच ओठांवर बोट ठेवलं. प्रसेनजीत बसून राहिला. दमलं असतील म्हातारं, त्यानं मनाला बजावलं.

दहा मिनिटं. सहा. मास्तरांची लाळ चालींच्या कागदावर ठिबकली. ते पटाकडे बघत होते, की पटाच्या आरपार, कळत नव्हतं. दोन मिनिटं उरली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. शब्द आलाच नाही, नुसती घरघर.

प्रसेनजीतनं हात मारून घड्याळ थांबवलं. "गाडी बोलवा! मास्तरांना लकवा मारतोय!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कधी सुरू झालं?"

मास्तरांची मुलगी निशिगंधा प्रसेनजीतकडे वळली. "दादा, तुम्हीच समोर होता. आत्ताच झालं न्हवं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाय," तो म्हणाला. "मला आधीच कळलंतं. बारा मिनिटं मी गप बसलो."

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. निशिगंधानं त्याच्याकडे पाठ फिरवली.

मास्तर वाचले. वाचा मात्र गेली. त्या बारा मिनिटांत किती गेलं, हे डॉक्टरांना विचारायचा धीर प्रसेनजीतला झाला नाही.

महिन्याभरानं तो कुरुंदवाडला गेला. निशिगंधानं दार जेमतेम उघडलं.

"बाबांना समदं कळतंय," ती म्हणाली. "तुमचं नाव निघालं की डोळं मिटून घेत्यात. परत येऊ नका."